निम्म्या मिठाची रास

खारजुईत धर्माला पाठीमागं कुणी धर्मा म्हणत नसे. राशा म्हणत. "राशा आला काय मुंबैवरनं?" "राशाची बायको बाजाराला गेली." नवख्याला वाटायचं, अंगणात भाताच्या राशी पडणारा कुणी बडा कुळंबी असेल. तसं काही नव्हतं. बापाकडनं धर्माला भाताचं एक खाचर आलेलं, आणि त्यात म्हैस आडवी झाली तर लावणीला जागा उरत नव्हती. हे नाव त्यानं एका कागदावर कमावलं. आमच्या गावानं एकदा नाव ठेवलं की ते माणसाच्या सरणावरच जळतं, त्याआधी नाही.

खारजुई म्हणजे उरण आणि पेणच्या मधल्या खाडीवरचं आगऱ्यांचं गाव. दिवाळी सरली की बांधाची तोंडं उघडून उधाणाचं पाणी आत घ्यायचं, कोंड्याकोंड्यांतनं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांतनं, फिरवत उन्हाला द्यायचं, आणि पार वैशाख संपेतो मीठ ओढायचं. ओढलेलं मीठ पाट्यांनी वाहून उंचवट्यावर टाकायचं, त्याची रास करायची, आणि मृगाच्या आधी ती गवतानं साकारायची, म्हणजे घरासारखी शाकारायची. आमच्याकडं पोर चालायला लागायच्या आधी रास बघतं. राशीकडं नुसतं बघून आत मीठ किती ते सांगणं ही आमच्याकडं हुशारी धरत नाहीत. ज्याला सांगता येत नाही त्याला येडा धरतात.

गावाला मिठाचे आगर तीन. थोरला आगर येसाजी मुकादमाकडं, मधला सदूकडं आणि खाडीकडचा भागोजीकडं. तिन्हींचा धनी मुंबईचा रतनशी शेट. मांडवीला त्याची पेढी. दर कार्तिकात शेट लाँचनं मोऱ्याच्या बंदरात उतरे आणि तिथनं शिडाच्या मचव्यातनं खारजुईला येई. वखारीत गादी घालत. तिन्ही मुकादम समोर उभे राहत. गेल्या सालची विक्री बोलली जाई, आणि मग शेट एकेकाच्या हातात नारळ आणि विडा ठेवी. विडा हातात पडला की नवं साल तुझं. नाही पडला तर फावडं खांद्याला लावायचं आणि दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं.

भागोजी हा धर्माचा सासरा. त्याच्या हातात विडा पडायला लागला तेव्हा धर्माची बायको तुळशी जन्मायची होती. काळा, ठेंगणा, पायाची बोटं मिठानं खाऊन खाऊन वाकडी झालेली, आणि तोंड असं की खाडीतल्या खेकड्यानंही बीळ बदलावं. धर्मा मराठी सातवी पास झालेला गावातला पहिला. शेटनं त्याला वखारीचा कारकून केला तेव्हा भागोजीनं गावभर सांगितलं, "माज्या जावयाच्या हातात फावरं नाय, टाक हाय टाक!" आणि त्या दिवसापासनं जावयाला नावानं हाक मारायचं सोडून तो 'जावयबापू' म्हणायला लागला. धर्माला ते आवडायचं. सातवी पास माणसाला असल्या गोष्टी आवडतात.

एकोणीसशे तेहतीस-चौतीसची गोष्ट. त्या साली शेटनं धंद्यात दोन नवे भागीदार घेतले, दोघं मांडवीचेच. गणपतीनंतर धर्मा कागद घेऊन पेढीवर गेला तेव्हा शेट त्याला म्हणाला, "जो भाई, या वेळेला माझे भागीदार येणार. त्यांना वही वाचायला टाइम नाही. तीन आगरनी विक्री एक नजरमां दिसली पाहिजे. असं कायतरी चित्र कर. त्या दत्तात्रेयला विचार, तो असलं करतो."

दत्तात्रेय म्हणजे पेढीवरचा जुना कारकून, मूळ पालीचा. तपकिरीची डबी आणि चष्मा, दोन्ही टेबलावर, दोन्ही सारखी हरवलेली. त्याच्या पाठीमागं भिंतीवर चौकटीच्या कागदांवर काढलेल्या रेघा टांगलेल्या होत्या. धर्मानं विचारल्यावर त्याला कोण आनंद झाला. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"काय दाखवायचंय ते आधी ठरव," दत्तात्रेय म्हणाला. "महिन्यामागनं महिना विक्री कशी चढली, कशी उतरली हे दाखवायचं तर रेघ. एकाच भाकरीतला कुणाच्या वाट्याला केवढा तुकडा, हे दाखवायचं तर वाटोळं. आणि दोघातिघांना एकमेकांशेजारी उभं करून मोठा कोण, धाकटा कोण, हे दाखवायचं तर खांब. तुझे आगर तीन. तुला खांब."

"खांब कसे काढायचे?"

"सारख्या रुंदीचे. उंची तेवढी बदलायची. जेवढे मण, तेवढी उंची. निम्मं मीठ, निम्मा खांब. आणि वर आकडा लिही, चांगला ठसठशीत. बघणाऱ्याचा डोळा लबाड असतो, धर्मा. त्याला एक गोष्ट बदलून दिलीस तर एकच बघेल. दोन बदलून दिल्यास तर तिसरीच बघेल." त्यानं तपकीर ओढली, शिंकला, आणि डोळे पुसत म्हणाला, "आणि सगळ्यात आधी, बघणारा कोण आहे ते बघ. ज्याच्यापुढं ठेवायचं त्याला कळलं नाही, तर चित्र आणि चुलीतला कागद सारखाच."

एवढं सगळं सांगितलं त्यातलं धर्माच्या डोक्यात शेवटचं तेवढं राहिलं. आपला माणूस असाच. कीर्तनातनं घरी येताना त्याला अभंग आठवत नाही, बुवाची शाल आठवते.

घरी येऊन त्यानं ओसरीवर कागद पसरला आणि खांब काढले. थोरल्या आगराचं मीठ विकलं गेलं होतं वीस हजार मण, मधल्याचं पंधरा आणि भागोजीचं दहा. म्हणजे भागोजीचा खांब थोरल्याच्या निम्मा. पण दहा हे त्या साली वाईट नव्हतं. माघातल्या उधाणानं खाडीकडचा बांध फोडला होता, भागोजीच्या अर्ध्याअधिक कोंड्या पाण्याखाली होत्या, आणि राहिलेल्या कोंड्यांतनं त्यानं एवढं काढलं होतं. थळच्या कोळणी सुक्या मासळीसाठी त्याचंच मीठ मागायच्या. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तुळशी चूल सारवून बाहेर आली, हात पुसले, कागदाकडं बघितलं.

"ह्या मांडवाच्या मेढी कुनाच्या लग्नाच्या?"

"मेढी नाय त्या. विक्री हाय."

"विक्री अशी उभी राहते व्हय? शेट बघंल आनि इचारंल, मांडव कुठं हाय, नवरी कुठं हाय?"

धर्मा हसला, पण ते त्याला लागलं. बघणारा कोण ते बघ. बघणारे मिठाचे व्यापारी. सारा जन्म राशी बघून सौदे करणारे. त्यांना खांब कशाला? त्यांना रास दाखवावी. तीन आगर, तीन राशी. हे सुचल्यावर त्याला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्यानं तुळशीकडनं दुसऱ्यांदा चहा मागून घेतला. पेढीवरच्या बामणाला जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं!

थोरली रास त्यानं आठ बोटं उंच धरली, मधली सहा, आणि सासऱ्याची चार. पहिल्यांदा त्यानं तिन्ही राशी बुडाशी सारख्या रुंद काढल्या. तर थोरली दिसायला लागली देवळाच्या कळसासारखी आणि भागोजीची भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखी. असं मीठ कुठं उभं राहतं? कळसासारखी रास घातली तर पहिल्या वाऱ्याला ढासळेल. मीठ आपल्या उतारानंच बसतं. मोठी रास घाला, धाकटी घाला, उतार तोच. धर्माचा हात आगरावरचा, त्याच्यानं खोटा उतार काढवेना. त्यानं कागद बदलला. उंच राशीला रुंद बूड दिलं, ठेंगण्या राशीला अरुंद. वर साकारलेलं गवत दाखवलं, पायथ्याशी पाटी घेतलेली बाई काढली, मागं खाडी आणि एक मचवा. आकडे चित्राची शोभा घालवायला लागले म्हणून खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नेले.

"अगो बाय!" तुळशी म्हणाली. "हुबेहूब गो! आत्ता पाटी घेऊन चढावं वाटतंय." मग वाकून बघत म्हणाली, "ही बारकी बाबाची ना?"

"व्हय."

"बारकीच हाय," ती म्हणाली, आणि भात उतू चालला म्हणून आत गेली.

बैठकीच्या दिवशी सकाळीच भागोजी जिताडा घेऊन आला. शेट येणार, बैठक जावयाच्या हातनं होणार, म्हणून खाडीत स्वतः जाळं टाकून धरलेला. चित्र बैठकीआधी कुणाला दाखवायचं नाही असं शेटचं सांगणं होतं, म्हणून धर्मानं गुंडाळी पाठीमागं लपवली.

"नको दाखवू. पर जावयबापू, माजी रास नीट साकार हां! गवत ईतभर घाल. नायतर कागदावं भिजायची."

आणि स्वतःच्याच बोलण्यावर दात नसलेलं तोंड उघडून हसत राहिला.

बैठकीला वखार शिगोशीग भरलेली. दारात मजूर, खिडकीत बाया. विड्याच्या दिवशी मजुरांना गूळ-खोबरं मिळायचं, म्हणून सगळं गाव येई. गादीवर शेट आणि दोन नवे भागीदार. एक जाडा, घाम पुसणारा. दुसरा किडकिडीत, सारखा घड्याळ बघणारा. धर्मानं भिंतीवर चित्र टांगलं तेव्हा किडकिडीत्यानंही घड्याळ खिशात घातलं.

"वाह!" जाडा म्हणाला. "आ तो एकदम मीठुंज छे!"

रतनशी शेट उठून जवळ गेला. हा माणूस गादीवर बसणारा असला तरी मिठातला होता. लाँचच्या कठड्यावरनं किनाऱ्याची रास बघून तो बोली लावायचा. त्यानं थोरल्या राशीवर नजर फिरवली, मग धाकटीवर. परत थोरलीवर. खाली कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांकडं बघायची त्याला गरजच वाटली नाही. हिशेब पेढीवर होता, कुणी लपवला नव्हता. पण माणूस आधी डोळ्यानं ठरवतो, वही नंतर उघडतो, आणि डोळ्याचं ठरलं असलं की उघडतही नाही.

"अरे भागोजी," शेट म्हणाला, "आ शूं छे? येसाजीची एक रास म्हणजे तुझ्या सात-आठ राशी!"

सात-आठ? धर्मानं तर निम्मी काढली होती. चार बोटं आणि आठ बोटं, पट्टीनं मोजून. त्यानं चित्राकडं बघितलं. पहिल्यांदाच त्यानं ते आगऱ्याच्या डोळ्यानं बघितलं, कारकुनाच्या नाही. आणि त्याला शेटला दिसलं तेच दिसलं. रास दुप्पट उंच झाली की दुप्पट रुंदही होते, आणि मागं जी बाजू दिसत नाही तिकडंही दुप्पट पसरते. दुप्पट उंच राशीत मीठ आठपट मावतं. हे सातवीच्या पुस्तकात नसतं. आगरावरही कुणी तोंडानं सांगत नाही. पाट्या वाहणाऱ्या मानेला ते ठाऊक असतं. धर्माच्याही मानेला ठाऊक होतं, लहानपणी वाहिल्या होत्या त्यानं. पण चित्र काढताना त्याची मान शर्टाच्या गळपट्टीत होती. त्यानं नुसती उंची मोजली, आणि उतार खरा काढायच्या नादात सासऱ्याचं निम्मं मीठ आठव्या हिश्शावर आणून ठेवलं.

भागोजी पुढं आला. "शेट, बांध फुटला व्हता. माघात. तुमीच मानसं पाठवली व्हती बांधाला."

"बांध फुटला ते खरं. पण म्हणून एवढंसं?"

भागोजीनं चित्राकडं बघितलं. सगळी वखार त्याच्याकडं बघत होती. त्यानं बराच वेळ बघितलं, डोळे बारीक करून, जशी लांबची रास बघतात तसं. आपलं मीठ त्यानं स्वतः ओढलं होतं, स्वतः मोजून मचव्यांत भरलं होतं. पण समोर भिंतीवर जावयानं, सातवी पास जावयानं, रास काढली होती, आणि राशीबद्दल भागोजीचा डोळा आजवर खोटं बोलला नव्हता.

"व्हय," तो हळू म्हणाला. "लईच कमी दिसतंय."

आत्ता बोलायचं होतं. धर्मानं तोंड उघडलंही. 'शेट, चित्र चुकलंय, खालचा आकडा बघा,' एवढंच. एका श्वासाचं काम. तेवढ्यात शेटचा जाड हात त्याच्या पाठीवर पडला. "आ छोकरो! दत्तात्रेय दहा वर्षं रेघा ओढतो, मला कधी काय समजलं नाही. याचं चित्र आंधळ्यालाबी समजेल. याला मुंबईला न्यायला पाहिजे." जाड्यानं मान हलवली. किडकिडीत्यानं विचारलं, "केटलुं भण्यो छे?" दारातनं कुणीतरी म्हणालं, "सातवी! आमच्या गावचा हाय!" आणि धर्माचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मिटताना त्यावर हसू होतं. हे त्याला पुढं जन्मभर टोचलं. नुसता गप्प राहिला असता तर भीतीवर ढकलता आलं असतं. तो हसला होता.

येसाजीच्या हातात दोन विडे पडले, थोरल्या आगराचा आणि खाडीकडच्याचा. सदूच्या हातात एक. भागोजीचे हात पुढं झालेले होते, सवयीनं. ते त्यानं धोतराला पुसले, जसे काही त्याचसाठी पुढं केले होते, आणि बाहेर जाऊन मजुरांच्या ओळीत गूळ-खोबऱ्याला उभा राहिला.

त्या दिवशी तुळशीनं जिताड्याचं कालवण वाढलं. धर्मा भात चिवडत बसला.

"बाबाचं खरंच का हो येवरं कमी झायलं?" तिनं विचारलं.

"शेटला कमी वाटलं."

"मना पन वाटलं. चित्र बगितलं तवाच वाटलं. बाबा म्हातारा झायला, दुसरं काय. त्याला कलत नाय आता." आणि पदरानं डोळे पुसत तिनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडी टाकली. "तुमी खावा. तुमी काय करनार?"

ती तुकडी त्यानं खाल्ली. न खाऊन काय सांगणार होता?

पौषात तो मुंबईच्या पेढीवर रुजू झाला. पगार दुप्पट झाला, डोक्यावर टोपी आली, पायात वहाणा आल्या. आणि पाठीमागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत घालून, शेटनं तेच चित्र टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बोटानं दाखवायचा. धर्मा त्याच्याकडं पाठ करून बसायचा, पण मानेला ते लागायचं, उन्हासारखं.

दत्तात्रेय पहिल्याच दिवशी चष्मा शोधून चित्रासमोर उभा राहिला. आधी खालचे आकडे वाचले, मग वर बघितलं, मग परत खाली.

"छान साधलंस," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"ज्याला पाडायचं होतं त्याला बरोबर पाडलंस. खांब काढले असतेस तर निम्मा दिसला असता, वाचला असता. आकडे खरे, आणि चित्रानं गळा कापला. मी सांगितलेलं सगळं उलटं वापरलंस. धंद्यात करतात लोक तसं, मी कधी केलं नाही. हा भागोजी कोण रे? काही वैर?"

धर्माला सांगता आलं नाही, तो माझा सासरा. चुकून झालं हेही सांगता आलं नाही, कारण चूक पहिल्या घटकेची होती, आणि त्यानंतर दोन महिने गेले होते. "गावचा हाय एक," तो म्हणाला.

खारजुईला तो सणावाराला यायचा. भागोजी आता येसाजीच्या हाताखाली बांधाचा चिखल ओढायचा. चिखलाचं त्याला काही नव्हतं, जन्मभर ओढलेलाच. पण त्याचं तोंड गेलं. पूर्वी बांधावर बसून त्यानं कुणाची अक्कल काढली नाही असा दिवस जात नसे. आता पोरंसोरं राशीचा अंदाज सांगायला लागली की तो म्हणायचा, "मना नका इचारू. माजा डोला गेला." कुणी रास दाखवून "भागोजीबाबा, किती असंल?" म्हटलं की तो दुसरीकडं बघायचा. आमच्याकडं हे म्हणणं म्हणजे गवयानं सांगावं, मला सूर कळत नाही. धर्मानं ते शिमग्यात एकदा स्वतःच्या कानानं ऐकलं आणि होळीपुढनं पोट दुखतंय म्हणून घरी निघून आला.

पुढचा कार्तिक आला. शेटनं सांगितलं, "पुन्हा तसंच चित्र कर, राशीवालं." धर्मानं कागद घेतला. दोन दिवस त्याच्या हातनं रेघ ओढवली नाही. तिसऱ्या दिवशी तो दत्तात्रेयाच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, "तो भागोजी माझा सासरा."

दत्तात्रेयानं चष्मा काढला. पुसून परत घातला. मग एवढंच म्हणाला, "पट्टी घे. सारख्या रुंदीचे काढ."

वखारीत त्यानं दोन कागद टांगले. एक चौकटीतनं काढून आणलेलं जुनं राशींचं चित्र. दुसरा, त्याच गेल्या सालच्या विक्रीचे तीन खांब, डोक्यावर ठसठशीत आकडे. नव्या सालचं चित्र तिसरं, ते त्यानं हातातच ठेवलं.

"शेट," तो म्हणाला, "गेल्या साली मी चुकीचं चित्र काढलं. भागोजीचं मीठ निम्मं होतं. मी आठवा हिस्सा दाखवला. तुम्ही बोललात तेव्हाच मला कळलं होतं. मी बोललो नाही."

जाडा भागीदार एका चित्राकडनं दुसऱ्याकडं बघत राहिला, मग मोठ्यानं हसला. "पण सारूं तो पेलुंज लागे छे! पहिलंच छान!"

शेट हसला नाही. "एक साल झालं. आता सांगतो?"

"व्हय."

"विडा येसाजीला दिला. त्यानं काम बरोबर केलं. त्याच्याकडनं काय म्हणून काढू? तुझं चित्र चुकलं म्हणून?" शेटनं सुपारी तोंडात टाकली. "नोकरी राहू दे तुझी. आता आकडा वर लिही, मोठा. चलो, विडा लाव."

आणि विडे जसे गेल्या साली पडले तसेच पडले.

धर्मा बाहेर आला. भागोजी मजुरांच्या ओळीत पार मागं उभा होता, हातावर गूळ घेऊन. आतलं बोलणं तिथवर पुरतं ऐकू आलेलं नव्हतं. धर्मानं सगळं परत सांगितलं. शेटसमोर सांगायला जेवढी छाती लागली नव्हती तेवढी आता लागली.

भागोजी गूळ चघळायचा थांबला. "म्हंजे माजं मीठ किती व्हतं?"

"निम्मं. येसाजीच्या निम्मं."

"आठवा हिस्सा नाय?"

"नाय."

"आनि ह्ये तुना कवा कललं?"

"तवाच. शेट बोलला तवा."

आता शिव्या येतील म्हणून धर्मानं मान खाली घातली. आल्याही. धर्माच्या बापापासनं ते पेढीवरच्या खुर्चीपर्यंत कुणाला सोडलं नाही. वर्षभर साठलेलं तोंड होतं ते. "भाडकाव, वरीसभर मी माज्या डोल्यांना शिव्या घातल्या! रास बगाया लाज वाटाची मना! माजा डोला नीट व्हता, तुजा कागद मोडका व्हता!" मग तो एकदम थांबला. ओठ हलायला लागले. "निम्मं," तो स्वतःशीच म्हणाला. "बांध फुटून निम्मं." आणि गुळाचा हात तसाच वर करून तो ओळीकडं वळला, "आयकलाव का रं? माजं निम्मं व्हतं! निम्मं!"

"अरं मंग निम्मं म्हंजे काय लई झायलं?" येसाजी दोन विडे हातात घेऊन दारातनं म्हणाला.

"आठव्या हिश्शापरीस लई!"

सगळे हसले. भागोजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. विडा मिळाला नव्हता, मिळणार नव्हता. उद्या परत येसाजीचाच चिखल ओढायचा होता. आणि निम्म्याच्या आनंदानं म्हातारा असा नाचत होता, जसा काही तिन्ही आगर त्याच्या नावावर झाले. धर्माला शिव्या सोसल्या, हे सोसेना. तो बाजूनं निघायला लागला, तर भागोजीनं त्याचा दंड धरला. पकड मिठातली होती.

"कुठं चाललास? जावयबापू, सांग ह्यांना. माजं सांगनं कोन धरतंय. तू सातवी हायस. सांग, किती व्हतं?"

"निम्मं," धर्मा म्हणाला.

"आनि कागद कुनी काढला व्हता?"

"मी."

मग तो त्याला सदूकडं घेऊन गेला आणि परत विचारलं. मग बायांकडं. मग मचव्यावरच्या तांडेलाकडं, ज्याला या प्रकरणातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावात राशा हे नाव त्याच दिवशी पडलं.

पुढं भागोजी बरीच वर्षं जगला. धर्मा पेढीवर चढत गेला. दर सालची चित्रं तोच काढायचा, सारख्या रुंदीचे खांब, डोक्यावर मोठा आकडा. दत्तात्रेयाच्या मागं त्याच्याच टेबलावर बसला. सासऱ्यानं आपल्याला माफ केलं की नाही ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही. पण लग्न असो, बारसं असो, कुणाच्या दहाव्याची पंगत असो, चार माणसं जमली आणि धर्मा मुंबईहून टोपी घालून आला की भागोजी पानावरनं मान वर करून हाक मारायचा, "जावयबापू, सांग ह्यांना, माजं मीठ किती व्हतं?"

आणि धर्मा हातातला घास खाली ठेवून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगायचा, "निम्मं."